तिसरा जोड

केरबातात्यांना सोबत घेऊन खरेदीला गेलं की दुकानदाराचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. गिऱ्हाइकापुढं दोन वस्तू मांडलेल्या असतात, गिऱ्हाईक आळीपाळीनं दोन्हींकडं बघत असतं, आणि तेवढ्यात मागच्या स्टुलावरून तात्यांचा खणखणीत आवाज येतो, "तिसरं काढा की!"

हे तिसरं चांगलं असून चालत नाही. ते मुद्दाम डावं असावं लागतं. मंडईत मी दोन कलिंगडं दोन हातांत तोलत उभी असले की तात्या बाबालालला सांगतात, "एखादं दबकं काढ की त्यातलं." बाबालाल आमच्या गल्लीतलाच, फळांचा गाडा लावतो. तो मुकाट्यानं गाड्याखालून एक पिचकं कलिंगड काढून मधोमध ठेवतो. मी त्याच्याकडं बघून नाक मुरडते आणि पुढच्या क्षणाला डाव्या हातातलं कलिंगड पिशवीत टाकते. कसं ठरलं ते मला विचारू नका, पण ठरतं.

"तात्या, दबकं एक ठिवूनच देतो मी आता," बाबालाल म्हणतो. "तुमी नसला तरी दावतो. मानसं पटापट दुसरं नेत्यात."

"मग मला कमिशन दे," तात्या म्हणतात आणि एक फोड तोंडात टाकतात.

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत तात्यांचं घर माझ्या घरासमोर आहे. माणूस बुटका, रंगानं पक्का, पुढच्या दोन दातांत फट, आणि डावा डोळा किंचित शेजारच्या घरात डोकावणारा. आयुष्यभर त्यांनी चपलांच्या एका दुकानात गिऱ्हाइकाला जोड दाखवायचं काम केलं. तिथंच त्यांना हा साक्षात्कार झाला. त्यांच्या मते माणसाचं डोकं दोन वस्तूंत अडकतं. दोन जोड समोर ठेवले की गिऱ्हाईक तासभर पाय घालतं, काढतं, बायकोकडं बघतं आणि शेवटी "जरा फिरून येतो" म्हणून निघून जातं. ते फिरून कधीच येत नाही. अशा वेळी तात्या शिडीवर चढत आणि वरच्या फळीवरून तिसरा जोड काढून आणत.

तो जोड मी पाहिला आहे. दिसायला साधारण दुसऱ्या जोडासारखाच, पण रंग करपलेल्या वांग्याचा, अंगठा जरा वाकडा आणि वर झेंडूच्या फुलाएवढा लाल गोंडा. किंमत मात्र दुसऱ्यापेक्षा जास्त. तो बघितला की गिऱ्हाइकाला दुसरा जोड एकदम देखणा वाटायला लागे आणि सौदा होऊन जाई. तात्या शपथेवर सांगतात, की त्या एका जोडानं दुकान चालवलं, आणि तो स्वतः मात्र कुणाच्या पायात गेला नाही. निवृत्त झाले तेव्हा मालकाच्या मुलानं विचारलं, "तात्या, काय देऊ तुमाला?" तात्यांनी फळीकडं बोट दाखवलं. तेव्हापासून तेच पायताण त्यांच्या पायात असतं. कर्रकर्र असा आवाज करत ते गल्लीच्या तोंडाशी आले की कुत्रीसुद्धा उठून वाट देतात.

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यापुढं माझा हात कधी अडखळत नाही, पण दोन साड्यांतली एक निवडायची म्हटली की माझं डोकं बंद पडतं. त्यामुळं तात्या हे माझ्या संसारातलं एक उपकरणच होऊन बसलं आहे. कधीकधी ते बिघडतं, हेही सांगायला हवं. कुकर घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी तिसऱ्या कुकराची इतकी रंगवून रंगवून बदनामी केली, की मला कुकर म्हटलं की धास्तीच वाटायला लागली आणि एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून मी पहिले दोन्ही कुकर घेऊन आले. आजतागायत एक माळ्यावर आहे. तात्यांना विचारलं तर म्हणतात, "त्यात माझी चूक न्हाय, मास्तरीणबाई. तुमचं डोस्कंच लई मऊ."

गल्लीतल्या शिर्केवहिनींच्या नातवाचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. नाव शौर्य ठेवायचं की विहान, यावरून घरात दोन तट पडले होते. एका तटात आई, दुसऱ्यात बाप, आणि पाळण्यात बिननावाचं पोर. तात्या जेवायला आले होते. हात धुता धुता म्हणाले, "केरबा ठिवा की. जुनं नाव हाय, भारदस्त."

सगळ्या घरानं एकदम पाळण्याकडं बघितलं. मग पोराची आई घाईघाईनं म्हणाली, "शौर्य छान आहे." बाप म्हणाला, "हो हो, शौर्यच." पाच मिनिटांत पाळणा हलला. घरी परतताना तात्या खुशीत होते. "बगा, माझं नाव कुनाच्या तरी कामाला आलं," असं म्हणत कर्रकर्र पुढं गेले. मी तेव्हा खूप हसले होते.

फक्त एका निवडीला तात्या कधीच जात नाहीत. मुलगी बघायला किंवा मुलगा दाखवायला चला म्हटलं, की त्यांचा गुडघा दुखायला लागतो. गल्लीतल्या कितीतरी जणांनी गळ घातली. "तात्या, तुमच्यासारखा माणूस बैठकीत पाहिजे." तात्या हात जोडतात. "भाजी सांगा, चादर सांगा, म्हैस सांगा, येतो. त्ये तेवढं सोडून."

आता हौसाकाकूंबद्दल. त्या तात्यांच्या पत्नी. उंच, नाकेल्या, आणि अजूनही रस्त्यानं चालल्या तर माणसं वळून बघतील अशा. दोघं शेजारी उभे राहिले की नवा माणूस हमखास विचारतो, "हे दोघं... म्हणजे...?" आणि पुढचं गिळतो. काकूंच्या बाबतीत सगळ्यात मोठी गंमत ही, की त्यांना तिसरं काय, दुसरंसुद्धा लागत नाही. भाजीवालीपुढं वाकतात, हात घालतात, उचलतात, निघतात. एकदा साडीच्या दुकानात मी पाऊण तास बसले आणि काकूंनी चप्पल काढायच्या आधी उंबऱ्यातूनच बोट दाखवलं, "ती द्या." मी विचारलं, "काकू, बाकीच्या बघणार नाही?" त्या म्हणाल्या, "कशाला? त्या काय माझ्याकडं बघायल्यात?"

तर असं सगळं छान चाललं होतं. मग आमच्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात व्याख्यान झालं.

पुण्याहून एक तरुण प्राध्यापक आले होते. विषय होता, माणूस निवड करतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय चालतं. एरवी व्याख्यानाला आठ-दहा पेन्शनर असतात आणि त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला येतात. पण त्या दिवशी तात्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. "माझ्या धंद्याचं हाय," असं सांगत ते पहिल्या रांगेत मधोमध बसले.

प्राध्यापक बोलायला चांगले होते. त्यांनी फळ्यावर मेंदूचं चित्र काढलं आणि सांगितलं, की कपाळाच्या मागं मेंदूचा एक भाग असतो, तो प्रत्येक गोष्टीला किंमत लावतो. आंबा, नवा शर्ट आणि दुपारची झोप यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी तो भाग सगळ्यांना एकाच काट्यावर तोलतो, म्हणून तर आपण आंबा सोडून झोप निवडू शकतो. पण गंमत अशी, की त्या काट्याला पक्की वजनं नाहीत. एखाद्या गोष्टीची किंमत तिच्या शेजारी काय ठेवलंय त्यावर हलते. दोघांत जमत नसेल आणि तिसरं, जरासं कमअस्सल, शेजारी आणून ठेवलं, तर दोघांतलं एक झटकन वर येतं.

"व्हय!" तात्या खुर्चीवरून उठलेच. "ह्येच म्या बोंबलून सांगतोय की!" मग मागं वळून सगळ्या सभेला म्हणाले, "ऐकलासा न्हवं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांचा तो डोळासुद्धा त्या वेळी सरळ झाल्यासारखा वाटला. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर ते पुन्हा उठले. या वेळी आवाज खाली होता.

"पावणं, एक इचारू का? समजा, तिसरा नुस्ता दावायला आनलाय. दुसरा उठून दिसावा म्हनून. आनि घेनाऱ्यानं तिसराच उचलला, तर?"

प्राध्यापकांना परतीची गाडी गाठायची होती. ते घड्याळ बघत हसून म्हणाले, "काका, तसं सहसा होत नाही. झालंच, तर समजायचं उचलणाऱ्याचा काहीतरी गोंधळ झाला. त्याला दुसराच घ्यायचा असणार."

सभा हसली. तात्याही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. चहाला थांबले नाहीत. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

त्यानंतर तात्या गप्पच झाले. मंडईत मी दोन पपया घेऊन उभी होते, तात्या शेजारी होते, आणि माझ्या मदतीला कुणी येईना. बाबालालनं गाड्याखालून पिचकी पपई काढून तात्यांच्या डोळ्यांपुढं नाचवली. तात्या म्हणाले, "ठिव बाबा ती. बिचारीला कशाला दावतोस चारचौघांत." बाबालालनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. शेवटी मी पपई न घेताच घरी आले.

दोन दिवसांनी हौसाकाकू तणतणत माझ्याकडं आल्या. "पोरी, ह्यास्नी काय झालंय बग की. रोज दोन भाज्या आनत्यात आनि माझ्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हात्यात. 'हौसे, तुला कुठली पायजे? खरं सांग.' आता मेथीत खरं-खोटं काय असतंय? सकाळी चहा का कॉफी. दुपारी पंखा का खिडकी. काल मला म्हनत्यात, तुला बंगल्यात ऱ्हायला आवडलं असतं काय गं? मी म्हटलं, झाडून काढायला कोन, तुमी?"

मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "रात्री जेवत न्हाईत नीट. तुजं ऐकत्यात. बग जरा."

सकाळी तात्या रंकाळा तलावावर फिरायला जातात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिथल्या कट्ट्यावर गाठलं. ते पायातला जोड काढून शेजारी ठेवून बसले होते आणि त्या गोंड्याकडं बघत होते. मी म्हटलं, "तात्या, काय झालंय ते इस्कटून सांगा. नाही सांगितलं तर तिसरा कुकर घेऊन येईन."

एरवी या वाक्यावर ते हसले असते. त्यांनी तो जोड माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, म्या तिसरा जोड हाय."

मग त्यांनी सांगितलं. हौसाकाकूंचं माहेर गारगोटीच्या पुढं एका खेड्यात. त्यांच्यासाठी दोन स्थळं आली होती. एक राधानगरीकडचा प्राथमिक शिक्षक आणि दुसरा तात्यांच्या दुकानमालकांचा भाचा, साखर कारखान्यात कारकून. वडिलांचं दोघांत जमेना. शिक्षक घरंदाज, पण गाव आडबाजूला. भाचा शहरातला, पण जरा मिजासखोर. दिवस जात होते. मालकांनी डोकं चालवलं. मुलीच्या वडिलांना निरोप धाडला, की भाच्याला पाठवतोय आणि त्याच्यासोबत माझ्या दुकानातला आणखी एक होतकरू मुलगाही पाठवतो, दोघांना बघून घ्या.

"मला म्हनाले, केरबा, तू जा, बस, पवं खा, गप परत ये," तात्या म्हणाले. "भाचा आनि म्या एका वयाचे, एका गावचे, पायाचं मापसुदिक एक. फकस्त त्यो उंच, गोरा, शिकल्याला. म्या हा असा. यस्टीत बसल्या बसल्या मला कळलं, मला कशापायी धाडलंय. रोज शिडीवर चढून म्या तरी दुसरं काय करत हुतो?"

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कसलं? फुकट पवं हुतं की."

त्या घरची एक रीत होती. मुलीला तोंडानं पसंती सांगायला लावायचं नाही. पाहुणे आत बसलेले असताना मुलीनं बाहेरच्या पायरीवरून पसंत माणसाचं पायताण उचलायचं आणि उंबऱ्याच्या आत आणून ठेवायचं. कुणाचंच पसंत नसेल तर पायरीला हात लावायचा नाही. बास. पायताण आत आलं की माणूस घरचा झाला.

आणि इथंच घोळ होता. मालकांनी भाच्याच्या पायात दुकानातला सगळ्यात भारी नवा जोड घातला होता. पण नवं पायताण चावतं. एसटीतून उतरून गावापर्यंत चालायचं होतं. निम्म्या वाटेत भाचा लंगडायला लागला. मग तात्यांनी आपला जुना मऊ झालेला जोड त्याला दिला आणि त्याचा नवा आपल्या पायात चढवला. पायरीवर दोन जोड उतरवले गेले. भारी नवा, तो तात्यांनी घालून आणलेला. आणि झिजका जुना, तो भाच्यानं.

"थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या," तात्या म्हणाले. "बघतोय तर नवा जोड उंबऱ्याच्या आत. सासऱ्यांनी इचारलं, ह्यो कुनी घालून आनला? म्या उभा ऱ्हायलो. भाचा बी उभा ऱ्हायला, म्हनाला, जोड माझा हाय. सासरा म्हनाला, पाय कुनाचं घालून आलं तेवढं सांगा. त्यो गप. म्या तवा सांगायला पायजे हुतं, मास्तरीणबाई. म्हनायला पायजे हुतं, की बाबानू, पोरीनं भारी जोड बघून कारकुनाचा समजून उचललाय, तिला पुन्यांदा इचारा. पर तेवढ्यात ती दारातनं वाकून बघायली हुती. तिच्याकडं बघितलं आनि माझी वाचाच बसली."

मालक चिडले नाहीत म्हणे. इतकंच म्हणाले, "लेका, एवढी वर्सं दुकान चालवतोय, तिसरा जोड खपल्याला आज पयल्यांदा बघितला."

भाच्याचं पुढं सगळं छान झालं. तो मोठा साहेब झाला, त्यानं बंगला बांधला, अंगणात झोपाळा टांगला. तात्या त्या रस्त्यानं जायचं टाळतात. हौसाकाकूंना त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर, या भीतीनं.

"इतकी वर्सं म्या मनाला सांगत आलो, की असंल बाबा, एखांद्याला तिसरं बी आवडत असंल. पर त्यो पावणा एवढा शिकल्याला. त्यानं मेंदू उघडून बघितल्यात. त्यो म्हनतोय, गोंधळ झाला." तात्यांनी खाली वाकून उगाचच गोंडा सारखा केला. "ती माझ्या घरात चुकून नांदली असंल काय हो?"

मला इतका वेळ मनातल्या मनात हसू येत होतं, ते कुठल्या कुठं गेलं. बारशाच्या दिवशी मी किती हसले होते तेही आठवलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "तिला इचारू नका. शपथ घ्या." मी शपथ घेतली नाही, नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांनी बघून घ्यायला हवं होतं.

त्याच दुपारी मी समोर गेले. दुसऱ्या दिवशी बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, होता. काकू दरवर्षी बेंदराला गल्लीला पुरणपोळीचं जेवण घालतात. त्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. कोनाड्यात मातीचे रंगवलेले बैल येऊन बसले होते. तात्या बाहेर गेल्याचं बघून मी सगळं सांगून टाकलं.

काकूंचा हात सुपात थांबला. मग त्या जोरात हसल्या. "मी आनि पायताण बघून? अगं, मी काय पायताणाबरोबर लगीन करनार हुते?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत व्हायला काय झालं! मी आडावर पानी शेंदत हुते. आडावरनं सगळी वाट दिसती आमच्यातली. त्यो गोरा लंगडत यायलता. मालकाला शिव्या, वाटंला शिव्या, आमच्या गावाला शिव्या. मग ह्यो दगडावर बसला, आपलं काढून त्येला दिलं, त्येचं आपुन घातलं. त्यो शिट्टी वाजवत पुढं. आनि ह्येची टाच सोलायला लागली तरी मानूस हसत चाललाय, रस्त्याकडंच्या म्हशीला हात लावतोय. पायरीवर जोड बघितला, तर नव्या जोडाला आत टाचंपाशी रगात लागल्यालं. त्येच बघून उचललं मी."

"मग इतक्या वर्षांत त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? त्यास्नी ठाव न्हाय, हे मला कुठं ठाव हुतं?" असं म्हणाल्या आणि मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. सूप बाजूला ठेवलं. "एवढी वर्सं हे मानूस असं मनात घिऊन जेवलं माझ्या हातचं," त्या हळू म्हणाल्या. पदरानं डोळे टिपले, नाक पुसलं, आणि लगेच फिस्कारल्या, "आनि त्यो पुन्याचा सायेब कोन, माझा गोंधळ झाला म्हननारा? त्यो हुता आडावर?"

"काकू, आज सांगून टाका त्यांना."

"तोंडानं सांगायची आमच्यात रीत न्हाय," काकू म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

बेंदराला आम्ही सगळे जेवायला गेलो. सोप्यात दोन पंगती बसल्या. बाहेर पायरीवर चपलांचा हा ढीग. शिर्के कुटुंबाच्या, बाबालालच्या घरच्यांच्या, माझ्या, आणि त्यात कुठंतरी तात्यांचा वांगी रंगाचा जोड. तात्या तुपाचं भांडं घेऊन वाढत होते, पण तोंडातून शब्द नाही. एरवी बेंदराच्या जेवणात त्यांचा आवाज तालमीपर्यंत जातो.

पहिली पोळी पानात पडली आणि हौसाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. पंगतीच्या मधून सरळ चालत उंबरा ओलांडून पायरीवर गेल्या, वाकल्या आणि चपलांच्या ढिगात शोधायला लागल्या. एक बाजूला टाकली, दोन बाजूला टाकल्या. मग तात्यांचा जोड दोन्ही हातांनी उचलला, आत आणला आणि उंबऱ्याच्या आत, अंगठे घराकडं करून, नीट जुळवून ठेवला. गोंड्यांवर पिठाची बोटं उमटली.

"पाऊस आला काय हो काकू?" शिर्केवहिनींनी विचारलं.

"न्हाय."

"मग चपला आत कशाला?"

"माझं घर हाय," काकू म्हणाल्या. "मला पायजे ते मी आत घेईन."

तात्या बाबालालच्या पानापुढं तुपाचं भांडं तिरकं धरून उभे होते. नजर उंबऱ्याकडं. पोळी तुपात बुडाली, तूप पानाच्या कडेपर्यंत आलं. "तात्या, बास की! पोळी पवायली!" बाबालाल ओरडला. तात्यांना ऐकूच गेलं नाही.

काकू परत जाताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबल्या. मी जवळच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "मी आडावर हुते तवा. तुमची टाच सोलल्याली बघितली हुती मी." आणि आत निघून गेल्या.

 तात्यांनी भांडं खाली ठेवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, एकदा आणि पुन्हा एकदा. शिर्केवहिनी म्हणाल्या, "तात्या, धूर गेला काय डोळ्यांत?" तात्या म्हणाले, "व्हय." गॅसवरच्या स्वयंपाकाला धूर कसला, हे कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात काकूंनी आतून मला हाक मारली, "पोरी, पोळीवर दूध घेतीस का कटाची आमटी?"

मी नेहमीसारखी अडकले. दूध म्हणावं तर आमटीचा वास सुटलेला, आमटी म्हणावं तर दूध घट्ट आटवलेलं. तात्यांनी घसा खाकरला. 

"हौसे, मास्तरीणबाई अडकल्या. तिसरं काढ की!"

"परवाचं ताक हाय," आतून उत्तर आलं. "आंबून गेल्यालं."

"आमटी," मी म्हटलं.

सगळी पंगत हसली. तात्या या वेळी सगळ्यांच्या आधी हसले. जेवणं झाल्यावर आम्ही आपापल्या चपला पायरीवरच्या ढिगातून शोधून काढल्या. वांगी रंगाचा तो जोड उंबऱ्याच्या आत तसाच होता. प्रत्येकजण त्याला वळसा घालून बाहेर पडला, आणि तो बाहेर ठेवा असं कुणी म्हटलं नाही.